लाइव्ह क्लासला मुलं टिकतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सांगली-सातारा भागातून लाइव्ह क्लास घेणाऱ्या शिक्षकांसाठी आणि छोट्या क्लासचालकांसाठी आहे. स्कॉलरशिप, नवोदय, दहावी-बारावी, पोलीस भरती, एमपीएससी, विषय कोणताही असो, आमच्याकडं येणारा पहिला प्रश्न एकच असतो. म्हणून तोच वर घेतला आहे. पालकांचे प्रश्न शेवटाकडं आहेत.

पहिल्या आठवड्यात बॅच भरलेली असते. महिना झाला की निम्मी पोरं गायब. बिनसतं कुठं?

बऱ्याचदा बिनसतं ते पहिल्या तासाच्याही आधी, प्रवेश घेताना. मुलानं मनात काहीतरी धरलेलं असतं. सर माझे डाउट सोडवतील, गणित सोपं वाटायला लागेल, क्लासला मिरजेला जायची दगदग वाचेल. पहिल्या चार-पाच तासांत तो हे सगळं मनातल्या मनात ताडून पाहतो. जुळलं तर बसतो. नाही जुळलं तर भांडत नाही, तक्रारही करत नाही, फक्त लिंक उघडायचं बंद करतो.

यावर चांगला अभ्यास झालेला आहे. समाधान नुसत्या दर्जावर ठरत नाही, आधी काय अपेक्षा होती आणि प्रत्यक्षात काय मिळालं यावर ठरतं, हा विचार रिचर्ड ऑलिव्हर यांनी १९८० मध्ये ग्राहकांच्या संदर्भात मांडला. अनोल भट्टाचार्जी यांनी २००१ मध्ये ऑनलाइन बँकिंग वापरणाऱ्या लोकांवर तो तपासला. माणूस एखादी सेवा पुढं वापरत राहतो ती दोन गोष्टींमुळं, एक म्हणजे समाधान आणि दुसरी म्हणजे 'याचा मला उपयोग होतोय' ही खात्री. आणि या दोन्हींच्या मुळाशी अपेक्षा खरी ठरली का, हा प्रश्न असतो. ऑनलाइन शिक्षणात मुलं का टिकतात यावरचे पुढचे कितीतरी अभ्यास याच मांडणीवर उभे आहेत. आपल्यासाठी यातला कामाचा भाग असा की सुरू करण्याची कारणं आणि चालू ठेवण्याची कारणं वेगळी असतात. मूल सुरू करतं ते बॅनर पाहून, किंवा मैत्रिणीनं घेतलं म्हणून. पुढं टिकतं ते रोजच्या अनुभवावर.

आमच्या मते याहून मोठं कारण आणखी एक आहे. मूल आलं नाही, तर ते कुणाला कळतं का? वर्गात बाक रिकामा दिसतो. स्क्रीनवर ५८ चे ५७ होतात आणि कुणाचं लक्षही जात नाही. आपण नसलो तरी काही फरक पडत नाही, हे मुलाला एकदा कळलं की दुसऱ्या दिवशी न बसणं फार सोपं होतं. खालची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील. तो वारंवार सांगण्याजोगाच आहे.

मग अ‍ॅडमिशनच्या वेळी काय सांगायचं?

जे रोज देणार आहात तेवढंच. तास किती मिनिटांचा, त्यात डाउटला किती वेळ, गृहपाठ कोण तपासणार, किती दिवसांत परत मिळणार. डेमो त्याच शिक्षकानं घ्यावा जो रोज शिकवणार आहे. डेमोला नाव असलेले सर आणि सोमवारपासून भलतंच कुणीतरी, हा प्रकार आपल्या भागात सर्रास चालतो आणि मुलं त्याला बरोबर ओळखतात. 'हमखास निकाल' असले शब्द बॅनरवर घालू नयेत. त्यांनी पहिल्या दिवसाची गर्दी वाढते आणि अपेक्षा इतकी वर जाते की चांगला तासही फिका वाटतो.

रेकॉर्डिंग मिळतंच, मग लाइव्ह कशाला बसायचं, असं मुलं विचारतात. काय उत्तर द्यावं?

प्रश्न रास्त आहे. तासभर तुम्हीच बोलणार असाल तर मुलाचं बरोबर आहे, त्यानं रेकॉर्डिंगच पाहावं. थांबवता येतं, मागं घेता येतं, रात्री निवांत बघता येतं. लाइव्ह तासाला अर्थ येतो तो रेकॉर्डिंगमध्ये होऊच शकत नाही अशा गोष्टींनी.

एक तास जवळून पाहू. शेकडेवारीचा धडा. सरांनी उदाहरण घातलं: एका दुकानदारानं ८०० रुपयांची वस्तू १० टक्के नफ्यानं विकली. ज्यानं ती घेतली त्यानं १० टक्के तोट्यानं पुढं विकली. शेवटची किंमत किती? सर पुढं सोडवत गेले नाहीत. 'दोन मिनिटं. उत्तर फक्त मला पाठवा, सगळ्यांना नाही,' एवढंच म्हणाले आणि गप्प बसले. उत्तरं यायला लागली. बऱ्याच जणांचं ८००. सरांनी कुणाचंही नाव न घेता विचारलं, '८०० आलंय त्यांच्यापैकी कुणी कसं केलं सांगेल का? ते उत्तर का येतं तेच आज शिकायचंय.' एक मुलगा म्हणाला, 'सर, दहा वाढले, दहा कमी झाले, म्हणजे तेवढंच.' मग सरांनी दाखवलं की पहिले दहा टक्के ८०० वरचे, म्हणजे ८० रुपये, आणि दुसरे दहा टक्के ८८० वरचे, म्हणजे ८८ रुपये. उत्तर ७९२. ज्यांनी ८०० लिहिलं होतं ती पोरं हा हिशोब सहसा विसरत नाहीत. आणि दुसऱ्या दिवशी हमखास येतात, कारण तासात त्यांनी स्वतः काहीतरी केलेलं असतं.

यामागचं कारणही माहीत आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला आणि दुसऱ्यानं वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. नुसतं ऐकलेलं त्या दिवशी कळल्यासारखं वाटतं, आठवड्यात निसटतं, आणि मूल म्हणतं, 'क्लासचा काही उपयोग नाही.' त्याच्या टिकण्याचा दोर तिथंच तुटतो.

रेकॉर्डिंग मात्र बंद करू नका. लाईट जाते, ताप येतो, पाव्हणे येतात. फक्त तासाभराची अख्खी फाइल टाकण्याऐवजी मुद्द्यागणिक तुकडे करून टाका. फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्हिडिओ पाहण्याच्या ६९ लाख नोंदी तपासल्या, तेव्हा ६ मिनिटांच्या आतले व्हिडिओ सगळ्यात जास्त लक्ष देऊन पाहिले गेल्याचं दिसलं.

यूट्यूबवर लाइव्ह घ्यावं की मीटिंगच्या अ‍ॅपवर?

मुलांशी बोलायचं असेल तर मीटिंग. मीटिंगमध्ये आवाज पोचायला सहसा एका सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो. थेट प्रक्षेपणात व्हिडिओचे छोटे तुकडे होऊन थोडे साठवले जातात आणि मग दिसतात, त्यामुळं काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत उशीर होतो. तुम्ही पुढच्या उदाहरणावर गेलेले असता आणि मागच्याची उत्तरं तेव्हा येत असतात. उलट याच साठवणुकीमुळं कमकुवत रेंजमध्ये प्रक्षेपण कमी अडकतं. मुलं शेकड्यांनी असतील तर शिकवणं प्रक्षेपणावर आणि डाउट छोट्या बॅचमध्ये मीटिंगवर, ही विभागणी चांगली चालते.

आमच्या मुलांकडं रेंजच नसते. पाटण, जावळीचा डोंगरी भाग, चांदोलीच्या बाजूची गावं, जतच्या वाड्या. तिथं काय करायचं?

आधी आवाज वाचवा, चित्र नंतर. हिशोब करून बघा. व्हिडिओ सेकंदाला ५०० किलोबिटनं येत असेल तर तासाला साधारण २२५ एमबी जातात, १ मेगाबिटनं आला तर ४५०. तेच फक्त आवाजाला, ३२ किलोबिटनं, १५ एमबीसुद्धा लागत नाहीत. घरात एकच फोन, रोजचा दीड जीबीचा पॅक, आणि १ मेगाबिटनं दोन भावंडांचे दोन-दोन तास, तर संध्याकाळी नेट संपणारच.

म्हणून तासाची पानं आदल्या दिवशी ग्रुपवर टाका आणि शिकवताना तोंडानं सांगत राहा, 'पान तीन, उदाहरण पाच, दुसरी ओळ बघा.' ज्याच्याकडं चित्र अडकलंय त्यालाही तास सापडतो. बोर्डवर एका वेळी कमी लिहा, अक्षर जाड ठेवा, मुलं ते तळहाताएवढ्या पडद्यावर वाचतात. कॉलर माइक लावा आणि पंखा बंद करा. कॅमेऱ्यावर पैसे घालण्याआधी माइकवर घाला, असं आम्ही प्रत्येकाला सांगतो. धूसर चित्र मुलं चालवून घेतात, खरखरीचा आवाज दहा मिनिटांच्या वर कुणी सहन करत नाही.

ज्याचं नेट गेलं त्याला परत आल्यावर 'कुठं होतास?' असं कधीही विचारू नका. 'आलास का, आपण पान चारवर आहोत,' एवढं पुरे.

कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करावी का?

नाही. स्टॅनफर्डचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव समजून घ्यायला पडणारा जादा ताण. आपल्याकडं त्यात पाचवं कारण आहे. घर एका खोलीचं असतं. मागं आजी झोपलेली, आई भाकरी थापतेय, भिंतीचा गिलावा पडलेला. चौदा वर्षांच्या मुलीला हे वर्गाला दाखवायचं नसतं आणि ते तिनं का दाखवावं? कॅमेऱ्याच्या सक्तीमुळं क्लास सोडणारं मूल खरं कारण कधीच सांगत नाही. शिक्षकाचा चेहरा मात्र सुरुवातीला आणि डाउटच्या वेळी दिसायला हवा.

चॅटमध्ये कुणी काही लिहीतच नाही.

'समजलं का?' या प्रश्नाला 'हो सर' याशिवाय उत्तर नाही, त्यामुळं तो प्रश्नच सोडा. एका आकड्यात, एका शब्दात उत्तर देता येईल असं विचारा. मराठी टायपिंग जमत नसेल तर इंग्रजी अक्षरांत लिहू द्या, व्हॉइस मेसेज चालू द्या. जत भागातल्या कित्येक मुलांच्या घरी कन्नड बोललं जातं. अशा मुलाचं मराठी अडखळलं आणि कुणी हसलं, तर तो वर्षभर बोलणार नाही.

मायकेल मूर यांनी १९८९ मध्ये दूरशिक्षणातल्या तीन प्रकारच्या देवाणघेवाणी सांगितल्या: मुलाची अभ्यासाशी, मुलाची शिक्षकाशी आणि मुलांची आपसात. आपल्या लाइव्ह क्लासमध्ये तिसरी जवळपास नसतेच. शिक्षक सगळ्यांना म्यूट करतात, ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतो, आणि मग मुलं बोलत नाहीत म्हणून वाईट वाटतं.

ही आपसातली सोबत ऑनलाइनमध्ये आणायची कशी?

गावगट करा. एका गावातली, नाहीतर शेजारच्या दोन वाड्यांतली चार-पाच मुलं एकत्र बसवा. कुणाच्या ओसरीवर, ग्रामपंचायतीच्या अभ्यासिकेत, शाळेचे गुरुजी तयार असतील तर शाळेत. फोन एकच लागतो, नेट एकच लागतं, आणि एक जण उशिरा आला तर बाकीचे हाक मारायला जातात.

आपल्या मातीत ही गोष्ट जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली, तेव्हा त्यांचा भर वसतिगृहावर होता. सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली राहायची, एकत्र जेवायची, आपली कामं आपण करायची. त्या वसतिगृहाला १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' हे नाव मिळालं. खेड्यातलं गरीब मूल शिक्षणात टिकायचं असेल तर त्याला शिक्षकाइतकीच सोबत्यांची गरज आहे, हे कर्मवीर अण्णांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. नेटवरच्या शिक्षणानं ही गरज संपवलेली नाही.

गट जुळत नसेल तर निदान जोड्या लावा. प्रत्येकाला एक जोडीदार, गृहपाठ आधी एकमेकांना दाखवायचा आणि मग सरांना. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या सिद्धांतात माणसाला आतून काम करावंसं वाटण्यासाठी तीन गोष्टी लागतात: आपल्या मनानं करतोय ही भावना, आपल्याला जमतंय ही भावना, आणि आपण कुणाचे तरी आहोत ही भावना. पहिल्या दोन्हींवर शिक्षक मेहनत घेतात, तिसरी जोडीदाराकडून फुकट मिळते.

तासाची वेळ कोणती ठेवावी?

गाव बघून. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची फळछाटणी असते, घरातलं प्रत्येक कामाचं माणूस बागेत असतं. पुढं द्राक्षं उतरवणं आणि बेदाणा करणं नेमकं दहावी-बारावीच्या परीक्षेच्या महिन्यांत येतं. शेतीपंपाची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. बारावीचं पोरगं रात्री मोटर चालू करायला जात असेल तर पहाटे सहाचा तास त्याला जमणार नाही. पुसेगावची यात्रा, पालीचा खंडोबा, गावचा उरूस, हे दिवस वर्षाच्या सुरुवातीलाच सुट्टीत धरा. मुलं गेली म्हणून रागावण्यात अर्थ नाही.

कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव तर तुम्हाला माहीतच असेल. २०२२ पासून तिथं रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो, दीड तास टीव्ही-मोबाइल बंद आणि पोरं अभ्यासाला. अशा गावातल्या मुलाला तुम्ही सातची लिंक पाठवली तर तुम्ही गावाच्या चांगल्या कामाच्या आड आलात. तिथं तास सहाला घ्या, आणि सातच्या दीड तासात करायचा गृहपाठ वहीतला द्या. दोन्हींचं भलं होईल.

ठरवलेली वेळ मात्र बदलू नका. 'आज तास साडेआठला' असा मेसेज आठवड्यातून दोनदा गेला की सवय मोडते, आणि ज्याच्या घरी फोन वडिलांकडून मागून घ्यावा लागतो त्याला तो दुसऱ्यांदा मिळत नाही.

पॉइंट, स्टार, बक्षिसं लावली तर?

जपून. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ च्या प्रयोगात चित्रं काढायची आवड असलेल्या लहान मुलांना बक्षिसाचं आधी कबूल केलं. नंतर बक्षीस नसताना तीच मुलं चित्रांकडं आधीपेक्षा कमी वळली. कबूल न करता अचानक दिलेल्या बक्षिसानं असं झालं नाही. पहिल्या नंबरचं कौतुक रोज त्याच दोघांना मिळतं, बाकीची पन्नास पोरं बघत बसतात. त्यापेक्षा 'मागच्या महिन्यात अपूर्णांकात चार चुका होत्या, आज एक,' हे त्या मुलाला एकट्याला लिहून पाठवा. ते तो आईला दाखवतो.

फुकट ठेवलं तर जास्त टिकतात का?

जास्त येतात. टिकण्याशी त्याचा फारसा संबंध आम्हाला दिसलेला नाही. परवडत नसलेल्यांची फी माफ करा, पण गुपचूप, ग्रुपवर यादी टाकून नाही.

मूल दोन दिवस आलं नाही तर काय करावं?

फोन. त्याच संध्याकाळी, आणि शक्यतो जो शिकवतो त्यानंच. ऑफिसातून आलेला फोन फीचा वाटतो. बोलणं साधं असावं:

'ताई, नमस्कार, गणिताचे सर बोलतोय. आर्या दोन दिवस दिसली नाही, बरी आहे ना?'

'हो सर, बरी हाय. फोन तिच्या पप्पांबरोबर गेलाय कोल्हापूरला.'

'मग काही हरकत नाही. तिला सांगा, तिनं मागच्या वेळी विचारलेला प्रश्न उद्या घेणार आहे. शेजारच्या मुलीबरोबर बसली तरी चालेल.'

संपलं. 'नुकसान होतंय', 'फी भरलीय ना' यातलं काहीही नाही. मुलीला कळतं की आपण नव्हतो ते सरांना दिसलं आणि आपला प्रश्न त्यांच्या लक्षात आहे. सगळ्या क्लुप्त्यांमध्ये हा एक फोन आम्ही सगळ्यात वर ठेवतो. आठवडा उलटल्यावर केलेल्या फोनचा उपयोग फार कमी, तोवर मूल मागं पडलेलं असतं आणि परत यायची त्याला लाज वाटते. आलंच तर पहिल्या दिवशी त्याला जमेल असाच प्रश्न विचारा.

मुली मध्येच का थांबतात?

आवड कमी असते म्हणून नक्कीच नाही. घरात एक फोन असला की तो आधी भावाला मिळतो. संध्याकाळी सात म्हणजे स्वयंपाकाची वेळ. गच्चीवर, रस्त्यावर रेंज शोधत उभं राहायला मुलीला परवानगी नसते. यावर तासात काही करता येत नाही, आई-वडिलांशी बोलावं लागतं. प्रवेशाच्या वेळीच विचारा: फोन कुणाचा, किती ते किती मिळेल, तेव्हा घरचं कोणतं काम तिच्याकडं असतं? विचारल्यावर वडील बऱ्याचदा स्वतःच मार्ग काढतात. हा प्रश्न त्यांना आधी कुणी विचारलेलाच नसतो.

पालकांकडून: मोबाइल हातात दिला की पोरगं भलतंच बघतं. कसं आवरायचं?

फोन उभा करून ठेवा आणि हातात वही-पेन द्या. तासाला लिहिणाऱ्या मुलाचा हात पडद्याकडं कमी जातो. इतर अ‍ॅपच्या सूचना तासापुरत्या बंद करा. आणि तास संपल्यावर 'काय शिकवलं?' असं न विचारता 'आज केलेलं एक गणित दाखव' म्हणा. तुम्हाला गणित येत नसलं तरी चालतं, पान भरलेलं आहे की कोरं ते दिसतं.

पालकांकडून: मुलगा म्हणतो क्लास सोडतो. सोडू द्यावा का?

आधी दोन तास त्याच्या शेजारी बसून बघा. आवाज नीट येत नसेल, त्याला कुणी कधी विचारत नसेल, तर तो खरं सांगतोय आणि शिक्षकांशी बोलायला हवं. सगळं ठीक असून त्याला मागचं कळत नसेल, तर खालच्या बॅचला बसवा. त्यात कमीपणा नाही.

मी एकटाच शिक्षक आहे. शिकवणं, तपासणं, फोन, हे सगळं जमणार कसं?

बॅच लहान करा. जितक्या मुलांची नावं आणि अडलेली जागा तुम्हाला वही न बघता सांगता येते, तेवढीच तुमची बॅच. त्याच्या वरच्यांसाठी दुसरी वेळ, नाहीतर दुसरा शिक्षक. आणि हजेरीच्या वहीत 'आला / नाही' याच्या शेजारी आणखी एक रकाना आखा: आज या मुलानं तासात काही लिहिलं, विचारलं किंवा सोडवलं का? तो रकाना सलग तीन दिवस कोरा असेल, तर मूल अजून येत असलं तरी त्याच संध्याकाळी घरी फोन करा.